दाजींचा मुका समुद्र

नाशिक जिल्ह्यात आजवर जन्मलेल्या माणसांपैकी समुद्राखाली सर्वांत जास्त काळ कोण राहिलं, असं उद्या कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या थोरल्या साडूंकडे बोट दाखवीन. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी. त्यांचं बालपण नांदगावात गेलं, म्हणजे बरंचसं हंडे-कळश्या रांगेत लावून पाण्याची वाट पाहण्यात गेलं. पोहायला येण्याचा प्रश्नच नव्हता. रामकुंडावर गेले तरी ते काठाच्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत आणि मधूनमधून नदीच्या पात्राकडे असं बघत, जणू ते उठून अंगावर येणार आहे. असा माणूस सिडकोतल्या आपल्या घरात, बाहेरच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर्षानुवर्षं पाणबुडी चालवत होता. पाणबुडी दुसऱ्या महायुद्धातली. कुणाच्या बाजूची, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाण्याखाली गेल्यावर सगळ्यांची बाजू एकच असते, पाहुणे. जिवंत वर यायची." माझी बायको मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणते म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणतो. ते मला पाहुणे म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पाहुणेच.

हा माणूस पाण्याखाली गेला तो माझ्यामुळे. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण कबूल केल्याशिवाय मला पुढचं लिहिताच येत नाही. माझा स्वभावच तसा आहे. कुणाच्या लग्नात पंगतीला जिलबी कमी पडली, तर मी घेतलेली दुसरी जिलबी मला महिनाभर आठवते. मी सातपूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होतो, म्हणून नव्वदीच्या अखेरीस नातेवाइकांत जेवढे कॉम्प्युटर आले तेवढे माझ्या सल्ल्याने आले. दाजींनी तो घेतला मुलीच्या अभ्यासासाठी. मुलगी शिकून, लग्न होऊन पुण्याला गेली आणि कॉम्प्युटर क्रोशाचं झाकण पांघरून उरला. फुकट धूळ खातोय म्हणून मी एका रविवारी दोन-तीन खेळांच्या सीडी नेऊन दिल्या. मोटारींची शर्यत त्यांना आवडली नाही. "एवढ्या जोरात जायचंय कुठे?" म्हणाले. पत्त्यांचा खेळ त्यांनी दोन दिवस खेळून सोडून दिला. पाणबुडीपुढे मात्र ते बसले, ते ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेवायला तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा उठले. अर्थात तिसरी हाकच त्यांना ऐकू येत असे.

ही हाकेची गोष्ट इथेच सांगायला हवी. दाजी अंबडच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला सुपरवायझर होते. पत्रा ठोकून त्याचे भाग काढणारी ती यंत्रं दिवसभर धाडधाड वाजत असतात आणि तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. उभा जन्म तिथे गेल्यावर दाजींचे कान जायला लागले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; फक्त दाजींना मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवाले तर पगार घेऊन तोंडातल्या तोंडात बोलतात. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून गच्चीत जात. त्यांच्या वडिलांना सगळं नांदगाव 'बहिरे मास्तर' म्हणायचं, वर्गातली पोरं मागच्या बाकावरून बेधडक शिव्या द्यायची, आणि त्याच वर्गात हा मुलगा खाली मान घालून बसलेला असायचा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगून लगेच विषय द्राक्षांवर नेला होता. इकडे ताई हळूहळू गप्प होत चालली होती. ती आणि माझी बायको निफाडच्या, द्राक्षबागांमधल्या भरल्या घरातल्या. दोघींची जीभ उपजत चालती. पण माझ्या बायकोजवळ ताई एकदा म्हणाली, "एक गोष्ट तीनदा ओरडून सांगितली ना, की ती सांगण्यासारखी राहतच नाही गं." तेव्हापासून ती घरात फक्त कामापुरतं बोलायची. चहा झालाय. गॅस संपलाय. बाकीचं मनात ठेवायची, किंवा स्वयंपाकघरात भांड्यांना सांगायची.

दाजींना यातलं काही कळत होतं की नाही कोण जाणे. ते खोल पाण्यात होते. दोन-तीन वर्षांत तो खेळ त्यांच्या हातात इतका बसला की त्यांनी पडद्यावरचे सगळे समुद्र मोकळे करून टाकले. नकाशावर शत्रूचं जहाज लाल ठिपक्याने दिसायचं. त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं, टॉर्पेडो सोडायचा, की झालं. पुढे पुढे त्यांना त्यात मजा वाटेना. "हे म्हणजे भाजीबाजारातून जुडी उचलून आणणं झालं," असं ते म्हणाले, आणि माझ्या जिवाला टोचणी लागली. मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की जगभर या खेळाची वेडी माणसं आहेत. खेळ बनवणारी कंपनी वेगळी, पण ही मंडळी घरी बसून, फुकट, त्यात स्वतःचे फेरफार करून इंटरनेटवर ठेवतात. त्याला मॉड म्हणतात. एका मॉडमध्ये खेळ होता होईल तेवढा खरा करून टाकला होता. मी तो कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून उतरवला, सीडीवर घातला आणि दाजींकडे जाऊन बसवून दिला. पडद्यावर 'खरेपणा' ठरवायची एक पट्टी होती. दाजींनी ती एका झटक्यात उजव्या टोकाला नेली. "खरेपणात काय काटकसर करायची, पाहुणे?" म्हणाले.

त्या दिवसापासून ताईच्या घरात खरेपणा नांदायला आला. मॉडमध्ये टॉर्पेडो कधीकधी फुटतच नसत. दुसरा कुणी वैतागला असता. दाजींना टॉर्पेडो बनवणाऱ्यांबद्दल जिव्हाळा वाटला. "तिसऱ्या पाळीचा माल असणार," ते समजुतीने म्हणाले. "पहाटे पहाटे डोळा लागतो माणसाचा. आमच्याकडेही निघतो असा एखादा पीस." मॉडमध्ये खलाशी दमत, तर दाजी त्यांना आलटूनपालटून विश्रांती देत, आणि ती देताना कारखान्यातली रजा मंजूर करतानाचा चेहरा करत. खेळात वेळ भराभर पळवायची सोय होती. तिला त्यांनी हात लावायचं सोडलं. पाणबुडीला जिथे पोचायला आठवडा लागतो तिथे आठवडाच लागला पाहिजे. त्यामुळे कॉम्प्युटर चालू ठेवून ते कामावर जात आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून फोन करत.

"काही दिसलं का?"

"काय दिसणार, पाणी आहे," ताई सांगायची.

"कसं आहे?"

"निळं."

"काय?"

"निळं."

"मोठ्याने बोल ना जरा."

मग ताई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून पाणी निळं असल्याचं सांगायची. समोरच्या वहिनींनी तिला एकदा काळजीने विचारलं होतं की तुमच्या नळाला निळं पाणी येतं का, आमच्याकडे तर पांढरंच येतं.

पुढे भारनियमनाचे दिवस आले. वीज रोज ठरल्या वेळी जाई आणि न ठरल्या वेळीही जाई. वीज गेली की पाणबुडी जिथे असेल तिथे नाहीशी व्हायची. दाजी पेपरातलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून भिंतीला चिकटवत आणि त्याप्रमाणे मोहिमा आखत. बुधवारी सकाळी बंदरात असलंच पाहिजे, गुरुवारी दुपारनंतर खोल पाणी चालेल. एकदा मी गेलो असताना ऐन हल्ल्यात वीज गेली. यूपीएस पीं पीं करत राहिला, मग तोही थांबला. दाजी अंधारलेल्या पडद्यासमोर हेडफोन लावून तसेच बसून राहिले. मी म्हटलं, "दाजी, गेली लाईट."

"बॅटरी संपली," ते म्हणाले. "खरी पाणबुडी असती तरी संपलीच असती. बसा तुम्ही. पाण्याखाली हालचाल करायची नाही."

आम्ही दोघं पंख्याशिवाय घाम पुसत, वीज येईपर्यंत समुद्राच्या तळाशी बसून राहिलो. ताईने आतून विचारलं, पन्हं देऊ का? मी खुणेने हो म्हटलं. दाजींना तिचा प्रश्नही ऐकू गेला नव्हता आणि यूपीएसचं पीं पींही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. पन्हं चांगलं झालं होतं.

खरी अडचण निराळीच होती. मॉडने नकाशावरचे लाल ठिपके काढून टाकले होते. शत्रू कुठे आहे हे आता पाण्यातल्या आवाजावरून ओळखायचं. पाणबुडीत आवाज टिपायचं यंत्र होतं. हेडफोन लावून ते चारी दिशांना फिरवायचं आणि कुठून जहाजाच्या पंख्याची घरघर येते ते ऐकायचं. दाजी हेडफोन लावून ऐकायला बसले, आणि त्यांना काहीच ऐकू येईना. बॉम्ब फुटलेला यायचा, इंजिनाची धडधड यायची, पण जहाजाचा आवाज म्हणून नाहीच. त्यांनी मला कारखान्यातून फोन केला. "पाहुणे, तुमच्या सीडीत आवाज टाकायचे राहिलेत."

झालं. मी दोन रात्री झोपलो नाही. उतरवताना एखादी फाईल सुटली असणार, कॅफेतल्या पोराने घाई केली असणार, मी त्याच वेळी चहाला बाहेर गेलो होतो. मी पुन्हा सीडी बनवून नेली. तरी समुद्र गप्प. मी तिसऱ्यांदा बनवली. भारीतले हेडफोन नेऊन दिले. आता वाटतं, हेडफोन एकदा स्वतःच्या कानाला लावून बघितले असते तर? पण त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं दाजींना चालत नसे. कप्तानाची खुर्ची होती ती. शिवाय चूक माझीच असणार याची मला इतकी खात्री होती की तपासायची गरजच वाटली नाही. अपराधी वाटून घेणाऱ्या माणसाचं हे असं होतं. तो स्वतःकडेच इतका बघत बसतो की समोरच्याकडे बघायचं राहून जातं.

शेवटी दाजींनीच माझी कीव येऊन मला मोकळं केलं. "तुमची चूक नाही, पाहुणे. मी विचार केला. हाच तर खरेपणा आहे. समुद्र मुकाच असतो. ती घरघरबिरघर सिनेमात असते ती आपली पोरासोरांसाठी. एवढं लय खोल पाणी हाय, त्याच्यातून आवाज यायचा कसा?" उत्साहात आले की त्यांचं नांदगाव वर येई. आणि एकदा समुद्र मुका ठरल्यावर दाजींनी मुक्या समुद्रात राहायची स्वतःची रीतच बसवली. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन दुर्बिणीतून चारी बाजूंना बघायचं, पटकन खाली जायचं. पाण्याच्या रंगावरून अंदाज घ्यायचा. ढग कुठल्या बाजूला आहेत बघायचं. त्यांनी या रीतीवर इतके कष्ट घेतले की ती खरीच असावी असं मलाही वाटू लागलं. रीतीत फक्त एकच खोट होती. ती वापरून ते दर वेळी बुडत होते. दुर्बीण वर काढावी तर समोर विनाशिका उभी. पाणबुड्या शोधून मारणारी ती जहाजं, त्यांना दुर्बीण दिसायचाच अवकाश. कितीही लांब, कितीही सावध मोहीम असो, तिचा शेवट धडाड करून. मॉडच्या नियमाप्रमाणे मेलेला कप्तान मेलाच. दाजी नवा कप्तान होऊन पुन्हा पहिल्यापासून बंदरातून निघत.

हळूहळू त्यांची रया गेली. फोन येईनासे झाले. माझी बायको म्हणाली, दाजी हल्ली दचकतात. दूधवाला दारात आला की दचकतात, ताई मागून खोलीत गेली तरी दचकतात. मी एका संध्याकाळी गेलो तेव्हा ते गच्चीत बसले होते. माझी सावली पडल्यावर एकदम उठले. "या," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "न सांगता येतात हो सगळे. एकदम अंगावरच येतात." मी विनाशिकांबद्दल समजलो आणि मॉड काढून टाकतो म्हणालो. जुना खेळ परत घालतो, लाल ठिपके परत येतील. त्यांनी मान हलवली. "नको. एकदा खरा केल्यावर परत खोटा कसा खेळायचा?"

आणि मग तो रविवार आला. मी चौथी सीडी घेऊन गेलो होतो. ते नको म्हणाले होते तरी माझ्याच्याने राहवलं नव्हतं. दाजी खुर्चीत होते, पाणबुडी कुठल्याशा थंड समुद्रात खोल बसली होती. ताई पोह्यांच्या बशा घेऊन आली. बशी ठेवायला टेबलावर जागा नव्हती. दाजींनी कान मोकळे करायला हेडफोन काढून बाजूला ठेवले होते, ते ताईने उचलले, आणि काय मनात आलं कोण जाणे, खाली ठेवण्याऐवजी स्वतःच्या कानाला लावले. "बघू तरी, काय ऐकता एवढं दिवसभर," म्हणाली. दाजी तिच्याकडे बघून हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकू दे. काही नाहीये त्यात."

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू आधी थांबलं. मग तिने मान जरा तिरपी केली. निफाडला त्यांची विहीर घरापासून दोन शेतं लांब होती, आणि विहिरीवरची मोटार पाणी ओढतेय की कोरडी फिरतेय हे ताई लहानपणी ओट्यावर बसून आवाजावरून सांगायची, असं माझी बायको सांगते. तशीच मान असणार ती.

"मोटार चाललीय," ताई म्हणाली. "बारीक आवाजाची. भराभर. पाणी कापत येतेय."

मी हेडफोन तिच्याकडून घेऊन कानाला लावले. सूप पाखडल्यासारखा आवाज, बारीक, घाईघाईचा, डाव्या कानात स्पष्ट. तो पहिल्या सीडीपासून तिथेच होता. समुद्र कधीच मुका नव्हता. मी हेडफोन परत ताईच्या हातात दिले.

दाजी आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "काय?" त्यांनी विचारलं. "काय झालं?"

ताई तिच्या नेहमीच्या आवाजात, जो आवाज तिने घरात वापरायचाच सोडला होता त्या आवाजात, म्हणाली, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का हे?"

तो प्रश्नही त्यांना ऐकू आला नाही. पण ओठ वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, म्हणून त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, एवढंच आठवतं. आता ते उठून गच्चीत जाणार, आणि मग या घरात हा विषय परत कधी निघणार नाही, असं मला वाटलं. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन जरासे उठलेही. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. खाली पाणबुडीत दमलेले खलाशी होते. त्यांची रजा यांनीच मंजूर केलेली होती. दाजी परत बसले.

"कुठून?" त्यांनी विचारलं.

एवढंच. ताईने हेडफोन नीट बसवले, त्यांच्या मागे उभी राहिली आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. दाजींनी पाणबुडी उजवीकडे वळवली, आणखी खाली नेली, इंजिनं मंद केली. ताईचा हात खांद्यावर तसाच. थोड्या वेळाने तो पाठीच्या मध्यावर आला, म्हणजे विनाशिका डोक्यावर होती.  सिडकोतल्या त्या खोलीत मीही एकदम खूप खोल होतो. मग हात उजव्या खांद्यावर गेला. "लांब चाललीय," ताई म्हणाली, आणि तेच सांगायला खांद्यावर दोनदा थोपटलं. दाजींनी गार झालेल्या पोह्यांची बशी ओढून घेतली. पहिला घास खाऊन म्हणाले, "मीठ कमी आहे." ताई म्हणाली, "असू दे," आणि हेडफोन काढले नाहीत.

त्यानंतर त्या कॉम्प्युटरपुढे दुसरी खुर्ची आली. जेवणं उरकली की ताई पदर खोचून कामावर यायची. तिच्या कानाबद्दल शंका नव्हती, पण नेमणुकीत एक घोटाळा झाला. विनाशिका आली की ती लगेच सांगायची. मालवाहू जहाज आलं की गप्प बसायची. दाजींना संशय आला.

"काही येतंय का?" ते विचारायचे.

ताई नकाराची मान हलवायची.

"नक्की?"

"आहे एक बिचारा. जाऊ दे ना त्याला."

"शत्रू आहे तो."

"असेल. माल घेऊन घरी चाललाय."

दाजींनी माझ्याकडे तक्रार केली, की असा ऐकणारा ठेवल्यावर युद्ध जिंकायचं कसं? पण त्यांनी ताईला बदललं नाही. त्यांची पाणबुडी मग जगातली सर्वांत निरुपद्रवी पाणबुडी झाली. सगळ्या महासागरांतून ती कुणालाही न बुडवता हिंडली, प्रत्येक संकटातून सुटली, आणि दाजींचा तो कप्तान म्हातारा होऊन निवृत्त झाला. ताईचं बोलणंही परत वाहायला लागलं. आधी फक्त समुद्राबद्दल, मग खांद्यावर हात ठेवून इतर गोष्टींबद्दलही. डावा खांदा म्हणजे दारात कुणीतरी, उजवा म्हणजे स्वयंपाकघरात चहा तयार. दाजी दचकेनासे झाले.

डॉक्टरकडे ते त्यानंतर वर्षभराने गेले, तेही स्वतःहून, ताईला बरोबर घेऊन. कानातलं यंत्र आलं. त्याला ते 'माझं मॉड' म्हणत. ते लावून घरी आले त्या दिवशी आधी पंख्याकडे बघत राहिले. आपला पंखा इतकी वर्षं वाजत होता हे त्यांना खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाहुणे, ही स्वयंपाकघरात सारखं काहीतरी बोलत असते, तुम्हाला माहीत होतं?"

"काय बोलतात?"

"माझ्याबद्दलच असतं बरंचसं." कानातल्या यंत्राला बोट लावून म्हणाले, "मी खरेपणा जरा कमी करून घेतलाय. सत्तर टक्क्यांवर. तेवढा पुरतो."

यंत्र आल्यावर दाजींना जहाजं स्वतःच ऐकू यायला हरकत नव्हती. ताई आता सुटली, असं मी धरून चाललो होतो. एकदा सहज गेलो तर खेळ चालूच होता. ताई हेडफोन लावून, हात त्यांच्या खांद्यावर. आणि दाजींच्या कानातलं यंत्र टेबलावर, त्याच्या छोट्या डबीत, झाकण लावून ठेवलेलं. मी डबीकडे बघितलं. ताईने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी दुसरीकडे बघितलं.

त्यालाही आता बराच काळ लोटला. तो कॉम्प्युटर गेला, नव्यावर तो जुना खेळ चालेना. मी खटपट करून चालवून देतो म्हणालो, कारण खेळ बंद पडला यातही कुठेतरी माझाच दोष असणार असं मला वाटत होतं. दाजी म्हणाले, "राहू द्या हो. फिरून झालंय सगळं."

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या घराला जिना बाहेरून आहे आणि तो जिथे वळतो तिथून वरची गच्ची दिसते. वळणावर मी दम घ्यायला थांबलो. आता मलाही थांबावं लागतं. वर दोघं खुर्च्या टाकून बसलेली होती. मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. दाजींच्या खुर्चीच्या हातावर ती डबी होती. ताई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलत होती, आणि तिचा हात कधी या खांद्यावर, कधी त्या.

"रिक्षा. रिकामी आहे. कोपऱ्यावर वळली."

दाजींनी मान हलवली.

"समोरच्यांचा कुकर. दुसरी शिट्टी." मग तिची मान जराशी तिरपी झाली. "जिन्यात कुणीतरी आहे."

"किती जण?"

"एकच. सावकाश येतोय. मधेच थांबला."

"कुणाच्या बाजूचा?" दाजींनी विचारलं.

ताईने मागे वळून बघितलं नाही. "आपल्याच," म्हणाली.

मी तिथे आणखी थोडा वेळ उभा राहिलो. मग उरलेल्या पायऱ्या, तिला नीट ऐकू जावं म्हणून, पाय जरा वाजवत चढलो.